लॅपटॉपची संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

गोदाकाठ
नमस्कार. मी नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. गेल्या महिन्यात मुंबईहून परतताना रेल्वेच्या डब्यातून माझी बॅग चोरीला गेली आणि तिच्यासोबत लॅपटॉपही गेला. लॅपटॉपला पासवर्ड होता, त्यामुळे आतली माहिती सुरक्षित आहे अशी माझी समजूत होती. माझ्या भाच्याने त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपमधली एसएसडी काढली, साध्या यूएसबी डबीत बसवून माझ्या पतीच्या संगणकाला जोडली आणि दोन मिनिटांत सगळे फोल्डर उघडून दाखवले. पासवर्ड कोठेही विचारला गेला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझ्या लॅपटॉपमध्ये अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. लोकांनी घरातल्या माणसांनाही न सांगितलेल्या गोष्टी विश्वासाने मला सांगितल्या होत्या. सध्या मी एकेका व्यक्तीला फोन करून झाला प्रकार सांगत आहे.

नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ ची होम आवृत्ती आहे. डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे किल्लीशिवाय तिच्यातले काही वाचता येऊ नये, असे सगळेच सांगतात. त्यासाठी कोणी बिटलॉकर सुचवते, कोणी व्हेराक्रिप्ट, तर भाचा म्हणतो की विंडोज सोडून लिनक्सच घे. मला तांत्रिक शिक्षण नाही, परंतु समजून घेण्याची तयारी आहे. काय निवडावे आणि का?

पारिजात
वाचून फार वाईट वाटले, ताई. तुम्ही प्रत्येकाला स्वतः फोन करत आहात, याबद्दल आदर वाटतो.

शून्यप्रहर
मी एका संस्थेत संगणकव्यवस्था सांभाळतो. सॉफ्टवेअर निवडण्याआधी आपल्याला कोणापासून संरक्षण हवे आहे हे ठरवावे लागते. तुमच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे: बंद असलेला लॅपटॉप चोरीला जाणे, हरवणे, किंवा दुरुस्तीसाठी परक्या हातात जाणे. एवढ्यासाठी विंडोजसोबत येणारी व्यवस्था पुरेशी आहे.

होम आवृत्तीत तिचे नाव 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असे आहे. आतले यंत्र बिटलॉकरचेच, फक्त पर्याय कमी. सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या विभागात ती चालू आहे का ते पाहा. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नव्या लॅपटॉपवर डिस्क कारखान्यापासूनच एन्क्रिप्ट झालेली असू शकते, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करेपर्यंत तिची किल्ली त्याच डिस्कवर उघडी ठेवलेली असते. म्हणजे कुलूप लावलेले असते आणि किल्ली कुलपातच अडकवलेली असते. केवळ स्थानिक खाते वापरणाऱ्यांनी हे अवश्य तपासावे. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून 'मॅनेज-बीडीई' ही कमांड 'स्टेटस' या पर्यायासह चालवली, की संरक्षण खरोखर चालू आहे की नाही ते एका ओळीत दिसते.

लिनक्सवारी
शून्यप्रहर यांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, पुढच्याशी नाही. बिटलॉकरचा स्रोत (कोड) बाहेरच्या कोणालाही मुक्तपणे तपासता येत नाही आणि होम आवृत्तीत किल्लीची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते. ज्यांच्याकडे दुसऱ्यांची गुपिते आहेत त्यांनी किल्ली तिसऱ्याच्या हाती का द्यावी?

लिनक्समधील डीएम-क्रिप्ट ही एन्क्रिप्ट करणारी यंत्रणा २००४ पासून कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. त्यावर उभी असलेली लक्स ही पद्धत खुली आहे आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डपासून किल्ली तयार करण्यासाठी आर्गॉन-टू वापरले जाते. हे अल्गोरिदम मुद्दाम भरपूर मेमरी खाते, त्यामुळे महागडी ग्राफिक्स कार्डे लावून पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न जड जातो. एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देता येतात, म्हणजे एक आपला आणि एक घरच्यांसाठी लखोट्यात बंद केलेला, अशी सोय होते. उबुंटू किंवा फेडोरा यांपैकी कोणतेही लिनक्स बसवताना एका खुणेवर टिचकी मारली की हे सारे होते.

दुरुस्तीवाला
माझे पुण्यात तपकीर गल्लीजवळ लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. या विषयाची दुसरी बाजू मी रोज पाहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझ्याकडे माहिती चोरीला गेलेले लोक क्वचित येतात. स्वतःच्याच माहितीला मुकलेले लोक मात्र दर आठवड्याला येतात. लॅपटॉप सुरू केल्यावर निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडण्याची राखीव किल्ली, मागतो. समोरचा माणूस म्हणतो, "मी असले काही कधी चालूच केले नव्हते." तो खरे बोलत असतो, कारण विंडोजने ते आपोआप चालू केलेले असते. बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत झाले, मदरबोर्ड बदलला किंवा सुरू होण्याच्या क्रमात काही फेरफार झाला, की किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला यंत्र अनोळखी वाटते आणि ती किल्ली देत नाही. चिपने तसेच वागायला हवे, पण ग्राहकाला त्याची कल्पना नसते.

मग मी विचारतो, लॅपटॉप पहिल्यांदा कोणाच्या ईमेलने चालू केला होता? येथे खरी अडचण सुरू होते. कित्येकदा विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने घाईघाईत स्वतःचे किंवा दुकानाचे खाते घालून लॅपटॉप सुरू करून दिलेला असतो. रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. एका शिक्षिकेची पीएच.डी.ची सगळी टिपणे अशीच अडकली होती. सुदैवाने विकणारा मुलगा भला निघाला, त्याने जुने खाते शोधून किल्ली वाचून दाखवली. दुसऱ्या एका गृहस्थांना ते खाते मिळाले नाही आणि मला डिस्क फॉरमॅट करून द्यावी लागली. त्यात त्यांच्या आईचे आवाज ध्वनिमुद्रित केलेले होते.

म्हणून, ताई, नवा लॅपटॉप कोणाच्या खात्याने सुरू झाला आहे ते आधी पाहा. स्वतःच्या खात्यात रिकव्हरी की आहे याची खात्री करा, तिची छापील प्रत काढा आणि प्रतीवर कोणत्या लॅपटॉपची ते लिहा. पडद्यावर 'की आयडी' दिसतो, तो कागदावरच्या आयडीशी जुळवून बघा. हे झाल्याशिवाय त्या लॅपटॉपवर एकही नोंद लिहू नका.

माडाची सावली
दुरुस्तीवाला यांचे म्हणणे आमच्या घराने अनुभवले आहे. आम्ही म्हापशाला असतो. माझे दीर तीन वर्षांपूर्वी अचानक गेले. त्यांचा लॅपटॉप व्यवस्थित एन्क्रिप्ट केलेला होता, ते या कामात काटेकोर होते. विम्याची कागदपत्रे, शेताचे नकाशे आणि मुलीच्या लहानपणीची छायाचित्रे त्यात आहेत. पासवर्ड त्यांच्यासोबत गेला. लॅपटॉप अजून जाऊबाईंच्या कपाटात आहे. त्या तो कोणाला देऊही देत नाहीत आणि उघडूही शकत नाहीत.

आपल्यानंतर हे कोण उघडणार, हा प्रश्न सॉफ्टवेअर निवडतानाच विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.

लिनक्सवारी
माडाची सावली, हे वाचून मी थांबलो. मी वर लखोट्याचा उल्लेख केला खरा, पण माझ्या स्वतःच्या घरी तो लखोटा नाही. आज करतो.

लक्सबद्दल लिहायचे राहिले ते प्रामाणिकपणे सांगतो. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा भाग असतो, त्याला हेडर म्हणतात. खरी किल्ली पासवर्डने बंद करून तेथे ठेवलेली असते. तो भाग बिघडला की योग्य पासवर्डही निरुपयोगी ठरतो. पाच वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर डिस्कची प्रतिमा (इमेज फाइल) लिहिताना मी चुकून अंतर्गत डिस्कचे नाव दिले. काही सेकंदांत थांबवले, पण हेडर गेले होते आणि त्याच्यासोबत सगळी डिस्क गेली. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या साधनात हेडरची प्रत काढण्याची सोय आहे, ती प्रत काही मेगाबाइटांचीच असते. ती काढून दुसरीकडे ठेवावी.

कुंपणकाठी
मी आजही ट्रूक्रिप्ट ७.१अ हे जुने एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर वापरतो. कधी अडचण आली नाही. ते का घेऊ नये?

शून्यप्रहर
कुंपणकाठी, नव्याने तर घेऊच नये, आणि जुने असेल तर त्यातून बाहेर पडावे. २८ मे २०१४ रोजी ट्रूक्रिप्टच्या अनाम निर्मात्यांनी काम थांबवल्याचे जाहीर केले आणि संकेतस्थळावर बिटलॉकरकडे जाण्याचा सल्ला दिला. त्या सुमारास लोकवर्गणीतून त्याची स्वतंत्र तपासणी चालली होती. ती २०१५ मध्ये पूर्ण झाली. मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला नाही, काही उणिवा सापडल्या. परंतु त्याच वर्षी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या गटातील संशोधकाने त्याच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये दोन गंभीर दोष दाखवले आणि ते दुरुस्त करायला मागे कोणी उरलेच नव्हते. माझ्या दृष्टीने सॉफ्टवेअर सोडण्याचे तेवढे कारण पुरेसे आहे.

व्हेराक्रिप्ट हे त्याच संहितेतून (कोडमधून) २०१३ मध्ये फुटलेले रोप आहे आणि त्याची देखभाल होते. २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच संस्थेने त्याची तपासणी केली, आठ अत्यंत गंभीर त्रुटी नोंदवल्या आणि १.१९ या आवृत्तीत बहुतेक दुरुस्त झाल्या. एक सूचना: १.२६ पासून व्हेराक्रिप्टने ट्रूक्रिप्टच्या फाइली उघडणे बंद केले आहे. तेव्हा जुनी माहिती आधी बाहेर काढून घ्या.

कागदपत्र
हा विषय निघालाच आहे तर विचारतो. मी सांगलीत सनदी लेखापाल आहे. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणे आपल्याकडे कायदेशीर आहे ना? माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की त्याने उगाच संशय ओढवतो.

सीमोल्लंघन
कागदपत्र, बंदी नाही. उलट, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार दुसऱ्यांची माहिती हाताळणाऱ्याने वाजवी सुरक्षाउपाय योजणे अपेक्षित आहे आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गोदाकाठ यांच्या क्षेत्रापुरते सांगायचे तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम २३ रुग्णाचा गोपनीयतेचा हक्क मान्य करते.

दुसरी बाजूही माहीत असावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ खाली अधिकृत यंत्रणा माहिती उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते आणि सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मी लीड्सला राहते. ब्रिटनमध्येही २००० सालच्या कायद्यानुसार किल्ली देण्याची नोटीस बजावता येते आणि ती न पाळल्यास सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. एन्क्रिप्शन चोराला थांबवते, पण कायद्यापुढची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. माझ्या मते हे योग्यच आहे, मात्र असे आदेश कोण आणि किती वेळा काढते याचा हिशेब लोकांसमोर असला पाहिजे.

कागदपत्र
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पुढचा प्रश्न: नव्या एसएसडीच्या खोक्यावर '२५६ बिट हार्डवेअर एन्क्रिप्शन' असे छापलेले असते. मग वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज काय?

शून्यप्रहर
त्या छापील ओळीवर विसंबू नका. नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये क्रूशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी तपासल्या. त्यांतल्या अनेकांमध्ये पासवर्ड माहीत नसतानाही माहिती वाचता आली. त्याहून त्रासदायक भाग असा, की डिस्क स्वतः एन्क्रिप्ट करते म्हटल्यावर त्या वेळचा बिटलॉकर स्वतःचे काम न करता तिच्यावर भिस्त ठेवत असे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बदलली. आज बिटलॉकर मुळातच सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करतो.

वेगाची भीती बाळगू नये. २०१० पासून प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठी स्वतंत्र आज्ञा येऊ लागल्या. कार्यालयीन कामात फरक जाणवत नाही.

पारिजात
वर टीपीएम चिपचा उल्लेख आला. मी ऐकले आहे की ती एका स्वस्त यंत्राने फोडता येते. मग सगळेच व्यर्थ नाही का?

लिनक्सवारी
पारिजात, व्यर्थ नाही. काही लॅपटॉपमध्ये टीपीएम ही मदरबोर्डवरची वेगळी चिप असते. संगणक सुरू होताना किल्ली तिच्यातून प्रोसेसरकडे जाते, तेव्हा त्या तारांवर कान लावून ती ऐकता येते. २०२४ मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको हा छोटा, स्वस्त सर्किट बोर्ड वापरून एका जुन्या लॅपटॉपवर हे मिनिटभरात करून दाखवले. प्रोसेसरच्या आतच टीपीएम असेल तर अशी उघडी तार मिळत नाही.

खरा उपाय वेगळा आहे. चिपने कोणालाही न विचारता किल्ली देऊ नये, आधी पिन विचारावा. बिटलॉकरमध्ये ही सोय आहे, पण त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. गोदाकाठ, तुम्ही विंडोजच वापरणार असाल तर माझ्या मते खर्च येथे करावा.

शून्यप्रहर
येथे मी लिनक्सवारींच्या बाजूने येतो. रेल्वेतला चोर तारांवर कान लावणार नाही हे खरे, पण अकरा वर्षांच्या नोंदींसाठी पिनचा त्रास वाजवी आहे. पिन लहान असला तरी चालतो, कारण चुकीचे प्रयत्न वाढले की चिप उत्तर देणेच थांबवते. व्हेराक्रिप्ट आणि साध्या लक्समध्ये असा राखणदार नसतो. चोर डिस्कची प्रत काढून आपल्या सवडीने कोट्यवधी पासवर्ड लावून बघू शकतो. तेथे लांब पासवर्डच हवा.

शिवाय लॅपटॉप झोपवून, म्हणजे 'स्लीप'मध्ये, ठेवू नका. झाकण नुसते मिटल्यावर किल्ली मेमरीत तशीच राहते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की मेमरीच्या पट्ट्या थंड केल्या, तर वीज तोडल्यानंतरही काही मिनिटे त्यांतली माहिती वाचता येते. प्रवासाला निघताना शटडाउन किंवा हायबरनेट (मेमरीतले सारे डिस्कवर उतरवून यंत्र बंद) करावे.

सांजदिवा
लांब पासवर्ड म्हणजे नेमका किती लांब? मी एका अभंगाचा चरण ठेवला आहे, तो तीस अक्षरांचा आहे.

सीमोल्लंघन
सांजदिवा, कृपया तो बदला. तुम्हाला पाठ असलेला चरण लाखो लोकांना पाठ आहे आणि प्रसिद्ध ओळींच्या याद्या पासवर्ड फोडणाऱ्यांकडे तयार असतात. लांबीपेक्षा निवड यदृच्छेने झाली आहे का, हे महत्त्वाचे. १९९५ पासून प्रचलित असलेली एक साधी रीत आहे. ७७७६ शब्दांची यादी घ्यायची, पाच वेळा फासा टाकून एक शब्द निवडायचा, असे सहा शब्द घ्यायचे. सुमारे ७७ बिटांची ताकद मिळते. 'विहीर, सुतळी, पंचांग' अशा असंबद्ध शब्दांची मनात गोष्ट रचली की ते लक्षात राहतात.

मराठी माणसांसाठी एक खबरदारी. संगणक सुरू होण्याच्या पडद्यावर देवनागरी सहसा टंकता येत नाही, आणि व्हेराक्रिप्टने विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट केली तर तेथे कळफलक अमेरिकी मांडणीचाच धरला जातो. म्हणून मराठी शब्द रोमी लिपीत लिहावे लागतात आणि तेथे घोळ होतो. 'दूध' लिहिताना यू घातला होता की दोन ओ, 'वारा' व्हीने लिहिला होता की डब्ल्यूने? सहा महिन्यांनी आठवत नाही. ज्यांचे रोमी रूप एकाच प्रकारे होते असेच शब्द घ्या, किंवा ठरवलेले रूप लखोट्यातल्या कागदावर अक्षरशः लिहून ठेवा.

दुरुस्तीवाला
सीमोल्लंघन यांचा शेवटचा मुद्दा अगदी खरा आहे. माझ्या दुकानात एका ग्राहकाने 'लक्ष्मी'ची अकरा रूपे लावून पाहिली. बारावे लागले.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आणि दोन आठवडे त्यांवर काम केले. काय केले ते लिहिते.

लिनक्सचा विचार मी सोडला. लिनक्सवारींचे म्हणणे मला पटते, पण माझ्या कामाची दोन सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालतात, आणि जी व्यवस्था मला एकटीला सांभाळता येणार नाही ती माझ्यासाठी सुरक्षित नाही. विंडोजची प्रो आवृत्ती घेतली, बिटलॉकर पिनसह चालू केला. खाते माझेच आहे हे तपासले. किल्ली कंपनीकडे राहू नये असे वाटले, म्हणून शून्यप्रहर यांना निरोपातून विचारले. त्यांच्या सांगण्यावरून जुनी रिकव्हरी की रद्द करून नवी तयार केली आणि ती फक्त कागदावर छापली. एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आहे, दुसरी संगमनेरला धाकट्या बहिणीकडे बंद लखोट्यात. मग मुद्दाम रिकव्हरीच्या पडद्यावर जाऊन कागदावरचे ४८ आकडे एकेक करून घातले. लॅपटॉप उघडला, तेव्हा हायसे वाटले. बॅकअपची बाह्य डिस्क व्हेराक्रिप्टने बंद केली आहे, पासवर्ड फाशांनी निवडला.

आता एकच शंका उरली. बॅकअप घेताना जुन्या हार्ड डिस्कवर आणि काही पेनड्राइव्हवर याच नोंदींच्या साध्या प्रती सापडल्या. त्या डिलीट केल्या तर पुरते का?

दुरुस्तीवाला
पुरत नाही, ताई. डिलीट केल्याने फक्त अनुक्रमणिकेतले नाव जाते, मजकूर तेथेच राहतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक' ची खूण काढा, म्हणजे सगळी डिस्क शून्यांनी भरली जाते. वेळ लागतो, रात्रभर ठेवा. पेनड्राइव्हचे तसे नाही. पेशी समान झिजाव्यात म्हणून आतली चिप नवा मजकूर भलत्याच जागी लिहिते आणि जुना मजकूर कोपऱ्यात राहू शकतो. एसएसडीतही हेच होते, म्हणून एन्क्रिप्शन माहिती भरण्याआधी चालू करायचे असते. पेनड्राइव्ह परत वापरू नका, कोणाला देऊही नका. आवरण काढा आणि आतली काळी चिप पकडीने तोडा, नुसती पट्टी वाकवून भागत नाही.

गोदाकाठ
हार्ड डिस्क काल रात्रभर चालू होती, सकाळी काम पूर्ण झाले. पेनड्राइव्ह पाच आहेत असे वाटले होते, सहा निघाले. सहावा जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होता, त्यात २०१७ च्या नोंदी होत्या. सगळ्यांच्या चिप तोडल्या. फोन करण्याच्या यादीतल्या दोन व्यक्तींशी मात्र अजून संपर्क झालेला नाही. त्यांचे क्रमांक बदलले आहेत. त्यांना पत्र पाठवत आहे.